तळमजल्यावरची महासत्ता

कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दोन गोष्टी कोणी मुद्दाम जमवत नाही, तरी जमतात. एक म्हणजे कपाटावरच्या जुन्या उत्तरपत्रिका आणि दुसरी म्हणजे किस्से. उत्तरपत्रिका पाच वर्षांनी रद्दीत तरी जातात. किस्स्यांना रद्दीवालाही हात लावत नाही! ते आपले वर्षानुवर्षं मुरत राहतात.

परवा आमच्या जुन्या बॅचची मुलं भेटली. मिसळीची पहिली प्लेट संपेपर्यंत नोकऱ्या, लग्नं, प्लॉट असं सगळं बोलून झालं. दुसऱ्या प्लेटीला कोणीतरी म्हणालंच, "मॅडम, खैरनार सरांचं सांगा ना!" ऑफिसातले कारकून पोपटराव शेजारीच बसले होते. ते रश्श्यात पाव बुडवत गालातल्या गालात हसले. मग काय, हॉटेलवाल्यानं तीनदा येऊन बिल पुढं केलं, तरी आम्ही उठलो नाही.

तर खैरनार सर. नाशिकच्या आमच्या कॉलेजात राज्यशास्त्राचे प्रमुख. मूळचे सटाण्याकडचे, बोलणं एकदम शुद्ध, पण राग आला की अहिराणी बाहेर पडायची. शिकवायचे आंतरराष्ट्रीय संबंध आणि त्यातही वास्तववाद. म्हणजे जगात देशांच्या डोक्यावर कोणी पोलीस नाही, जो तो आपली ताकद आणि आपलं हित बघतो, बाकी सगळी भाषणं. पहिल्याच तासाला फळ्यावर काही न लिहिता सर एक वाक्य टाकायचे.

"देशाला मामा नसतो!"

मुलं बघत राहायची. मग सर समजावून सांगायचे, "तुम्ही पडलात तर मामा येऊन उचलतो. देश पडला तर शेजारी आधी बघतो, याच्या खिशातून काय काय पडलं."

* * *

मी लागले ते नव्वदच्या दशकात, दशक अर्धं सरलं होतं तेव्हा. माझा प्रबंध राष्ट्राराष्ट्रांतल्या सहकार्यावर. मुलाखतीत मी शांतता, परस्पर विश्वास, संवाद यांवर इतकं बोलले की कमिटीतल्या एका गृहस्थांना डुलकी लागली. खैरनार सर मात्र टक्क जागे होते. सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, "मॅडम, तुमच्या गल्लीत पाण्याचा टँकर येतो का?"

म्हटलं, "येतो."

"मग एवढा विश्वास कुठून आला?"

मला वाटलं, गेलं आपलं. पण आठ दिवसांनी ऑर्डर आली! टेम्पररी का होईना, पण आली. पहिल्या दिवशी मी भीत भीत सरांना विचारलं, "सर, इतके उमेदवार होते. मलाच का घेतलं?"

सर चष्मा पुसत शांतपणे म्हणाले, "दुसरा उमेदवार तुमच्यापेक्षा हुशार होता. शेजारी बलवान नको."

यावर रागवावं की आभार मानावेत, हे मला दोन वर्षं कळलं नाही. सरांनी मात्र त्याच दिवशी माझं नाव ठेवलं, 'शांतता परिषद'. विभागात आम्ही दोघंच. एक युद्ध आणि एक शांतता परिषद!

* * *

आता आमच्या डोक्यावरची टांगती तलवार सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

त्या वर्षांत कॉम्प्युटरची लाट आली होती. जो तो म्हणे, मुलाला कॉम्प्युटरला घालायचंय. आर्ट्सकडं पोरं कमी होत चालली. आमचे प्राचार्य गणिताचे, मोजण्यावर त्यांचा फार विश्वास. त्यांनी नियम केला की टी.वाय.च्या स्पेशल विषयाला वर्गात पंधरा डोकी पाहिजेत. पंधराच्या खाली गेलं की स्पेशल कायमचं बंद. आणि कागदावरची पंधरा चालणार नाहीत. जूनअखेरीला एके सकाळी ते स्वतः वर्गाच्या दारात उभे राहणार आणि बोटानं मोजणार.

राज्यशास्त्राच्या बाबतीत त्यांचा जरा जास्तच उत्साह होता, कारण आमची नऊ नंबरची खोली. तळमजला, लोखंडी दरवाजा, पावसाळ्यात गळत नाही. कॉम्प्युटर ठेवायला याहून चांगली खोली अख्ख्या कॉलेजात नव्हती. प्राचार्य जाता-येता त्या खोलीकडं असं बघायचे, की सर म्हणायचे, "बघा मॅडम, विस्तारवाद म्हणतात तो हाच!"

सर पर्मनंट होते. स्पेशल गेलं असतं तर त्यांना एफ.वाय.चे तास मिळाले असते. माझी ऑर्डर मात्र स्पेशलवरच होती. सातपूरला वडिलांची कंपनी बंद पडून वर्ष झालं होतं, घरात पगार येत होता तो माझाच. त्यामुळं जून आला की मी देवाला हात जोडायचे आणि सर फळ्यावर आकडे मांडायचे. पहिल्या वर्षी सतरा भरले. दुसऱ्या वर्षी बरोब्बर पंधरा. तिसरं वर्ष सगळ्यात शेवटी सांगते.

* * *

आमचं सगळ्यात जुनं भांडण भूगोलाशी. जगाचा मोठा नकाशा भूगोल विभागाचा. कापडावरचा, दोन्ही बाजूंना लाकडी दांडे, उघडला की अर्धी भिंत व्यापायचा. पण तो टांगायला कॉलेजात एकच मजबूत खिळा, आणि तो आमच्या नऊ नंबरच्या भिंतीत! त्यांच्या खोलीची भिंत भुसभुशीत, खिळा ठोकला की पोपडा खाली. म्हणजे त्यांच्याकडं जग होतं आणि आमच्याकडं खिळा.

भूगोलाच्या प्रमुख देशमुख मॅडम. करारी बाई. वर्गात शिरल्या की पंखासुद्धा आवाज बंद करायचा म्हणतात. त्यांनी एकदा नकाशा द्यायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी त्यांचा तास नऊ नंबरमध्ये होता. सरांनी खिळा उपटून खिशात ठेवला!

आठ दिवस कॉलेजात जग कुठंच टांगलं गेलं नाही. शेवटी तह झाला. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांचा खिळा. मंगळवार, गुरुवार, शनिवार आमचा नकाशा.

सरांनी जाता जाता चिमटा काढलाच. "मॅडम, तुमच्या नकाशात अजून सोव्हिएत रशिया आहे. तो देश फुटून कैक वर्षं झाली."

देशमुख मॅडम मागं वळूनही न बघता म्हणाल्या, "देश फुटला तुमच्या पुस्तकात. त्यातली एक तरी नदी हलली का?"

नकाशाची ने-आण करायचे पोपटराव. तेव्हा ते शिपाई होते. नांदगावकडचे, याच कॉलेजात एस.वाय.पर्यंत शिकले आणि घरची अडचण आली म्हणून याच कॉलेजात शिपाई लागले. नकाशा टांगून झाला तरी ते लगेच जायचे नाहीत. दाराला टेकून सरांचा तास ऐकत उभे राहायचे. ऑफिसातून बेल वाजली की मगच निघायचे, तेही नाइलाजानं.

* * *

एका वर्षी इतिहास विभागानं आपल्या कपाटाला नवं कुलूप लावलं. का लावलं, कोणालाच माहीत नाही. पण सर म्हणाले, "त्यांनी कुलूप लावलं याचा अर्थ त्यांना आपला संशय आहे. ज्याला आपला संशय आहे त्याच्यापासून आपल्याला धोका आहे." आम्हीही कुलूप लावलं. ते बघून मराठीनं लावलं. हिंदीनं त्यांच्यापेक्षा मोठं लावलं. अर्थशास्त्रानं तर दोन लावली! महिन्याभरात स्टाफरूममध्ये सात कपाटं आणि आठ कुलपं.

मी म्हटलं, "सर, कोणाच्याच कपाटात काही नाहीये. आपल्या कपाटात खडू आणि तुमची जुनी छत्री."

"हीच तर सुरक्षेची कोंडी, मॅडम! प्रत्येक जण स्वतःला वाचवायला जातो आणि सगळेच घाबरतात." सरांचा चेहरा आनंदानं नुसता फुलला होता. त्यांचं पुस्तक डोळ्यांदेखत खरं होत होतं.

वर गंमत म्हणजे आमचं कुलूप मोडकं होतं. ओढलं की उघडायचं. सर म्हणाले, "चालेल. कुलूप लागतं की नाही याला महत्त्व नाही. लागतं असं समोरच्याला वाटलं पाहिजे. अण्वस्त्रांचं दुसरं काय असतं?"

पुढं सरकारी तपासणी आली. साहेब म्हणाले, सगळी कपाटं उघडा. प्रमुखांची पळापळ झाली. कोणाची किल्ली घरी, कोणाची नाशिकरोडला भावाकडं, कोणाची कुठं हे कोणालाच आठवेना. तेवढ्यात पोपटराव आले. कमरेचा जुडगा सोडला आणि टका टका सातही कपाटं उघडली. आमचं नुसतं ओढून!

सगळ्या विभागांनी 'हरवली तर असावी' म्हणून दुसरी किल्ली गुपचूप एकाच माणसाकडं ठेवायला दिली होती.

* * *

त्यानंतर आठ-पंधरा दिवसांतली गोष्ट. सर वर्गात सत्तेची व्याख्या सांगत होते. दुसऱ्याकडून आपल्याला हवं ते करून घेता येणं म्हणजे सत्ता. उदाहरण म्हणून विचारलं, "या कॉलेजात सत्ता कोणाकडं आहे?"

मुलं म्हणाली, "प्राचार्यांकडं."

"का?"

"खुर्ची आहे त्यांच्याकडं."

दारातून आवाज आला, "खुर्ची सायबांची हाय, सर. बोट माझं."

पोपटराव! वर्ग खो खो हसला. पण ते खोटं नव्हतं. रोज अकरा वाजता कागदांची चळत घेऊन पोपटराव केबिनमध्ये जायचे. प्राचार्य फोनवर बोलत असायचे. पोपटराव एकेक कागद पुढं सरकवायचे आणि सही कुठं करायची तिथं बोट ठेवायचे. बोट तिथं सही! वाचायचं काम ना यांचं, ना त्यांचं. अशी वर्षं गेली होती.

सर हसले नाहीत. त्यांनी खिशातून डायरी काढली आणि ते वाक्य लिहून घेतलं.

* * *

आमच्या वर्गात एक मंदा होती, मखमलाबादची. घरचा फुलांचा मळा. पहाटे आईबरोबर फुलबाजारात जायची आणि तिथून थेट आठच्या तासाला यायची. ती आली की वर्गभर झेंडूचा वास पसरायचा.

सर त्या दिवशी सत्तासमतोल शिकवत होते. एक बडा देश डोईजड झाला की छोटे देश एकत्र येतात. "पण," सर म्हणाले, "अशी युती टिकत नाही. हित आलं की कोणीतरी मागच्या दारानं जाऊन स्वतःपुरता सौदा करतो. माणसाचा स्वभावच आहे तो."

मंदानं हात वर केला. "टिकते सर. आमची दसऱ्याला टिकली."

झालं असं होतं की दसऱ्याच्या आदल्या दिवशी बड्या व्यापाऱ्यानं भाव पाडला. मखमलाबादच्या बायकांनी ठरवलं, कोणी फुलं द्यायची नाहीत. दोन तास गेले. ऊन चढायला लागलं, झेंडू मान टाकायला लागला.

सरांना राहवेना. "मग फुटलं ना कोणीतरी? एकीनं तरी गुपचूप माल घातला असेल!"

"नाही सर."

"का नाही? प्रत्येकीचं नुकसान होत होतं. मग अडवलं कशानं?"

मंदा म्हणाली, "सर, माल घालायचा म्हणजे मोजावा लागतो. आई वजनकाट्यावर बसली होती!"

दोन तास ती माउली काट्यावरून उठली नाही. व्यापारी हात जोडत आला आणि त्यानं भाव वाढवून दिला, तेव्हाच खाली उतरली. सरांनी दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी नारळ आणि साडी पाठवली. सोबत चिठ्ठी, 'एका अभ्यासकाकडून'.

* * *

आणि दुसरा आमचा जयराम गावित, सुरगाण्याचा. एरवी तोंडातून शब्द नाही. डोंगरातून जीपनं यायचा, होस्टेलला राहायचा. सर एकदा म्हणाले, "चला, रोजचं उदाहरण घेऊ. जयराम, तुझ्या जीपमध्ये सत्ता कोणाची? ड्रायव्हरची ना?"

जयराम उभा राहिला, जरा घुटमळला. "नाय सर."

"मग? जीपच्या मालकाची?"

"नाय सर. शेवटल्या पॅसेंजरची."

सर खुर्चीत पुढं सरकले. "कसं काय?"

"सर, जीप भरल्याबिगर हालत नाय. एक सीट रिकामी असली तं सगळी बसून राहत्यात. डायवर बसतो, म्हातारी बसते, सरपंच असला तं तो पण बसतो. मंग लांबून एक माणूस येताना दिसतो. डोईवर गाठोडं, सावकाश चालत. सगळी त्यालाच हाका मारत्यात, 'या मामा, लवकर या!' तो आला की गाडी सुटली. त्याच्याकडं काय बी नसतं सर, पण त्या टायमाला तोच मोठा!"

सरांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "मी वीस वर्षं हा विषय शिकवतोय आणि हे कुठल्याच पुस्तकात नाही."

दारात पोपटराव उभे होते. त्या दिवशी ऑफिसची बेल दोनदा वाजली, तरी त्यांना ऐकू आली नाही.

* * *

आता ते तिसरं वर्ष. मंदा आणि जयराम टी.वाय.ला आले आणि जून उजाडला, तर यादीत नावं बारा! इतिहासवाल्यांनी तयार नोट्स फुकट वाटल्या होत्या आणि आमची चार-पाच पोरं तिकडं गेली. सरांनी फळ्यावर बारा लिहिलं आणि त्याच्याकडं पाहत बसले.

मी म्हटलं, "सर, देशमुख मॅडमना विचारू या? त्यांच्याकडं सतरा आहेत."

"शत्रूकडं मदत मागायची? ती का देईल?"

"विचारून तर बघू."

"भीक मागू नका. त्यांचं हित दाखवा."

मी गेले. हित कसं दाखवायचं याची दहा वाक्यं पाठ केली होती. पहिलं वाक्य निम्मं झालं तोच देशमुख मॅडमनी हात वर केला. "अगं बाई, मला कळत नाही का? तुमचं स्पेशल गेलं की नऊ नंबर कॉम्प्युटरला जाणार. मग मी नकाशा कुठं टांगू, डोक्यावर? आणि पुढच्या जूनला ते बोट माझ्याच दारात येणार. माझ्याकडं दोन पोरं आहेत, त्यांना तुमचाच विषय हवा होता. मीच धरून ठेवली होती. घेऊन जा!"

मी नाचत परत आले. "बघा सर, सहकार्य!"

"सहकार्य नाही, सत्तासमतोल!" सर टेबलावर हात आपटून म्हणाले. दोघंही आपणच जिंकलो म्हणून इतके खूश, की चहा गार झाला.

तहाला एक अट मात्र होती. मॅडमनी लिहून घेतली, सरांची सही घेतली. 'सोव्हिएत रशियाविषयी यापुढे काहीही बोलणार नाही.'

* * *

बारा आणि दोन चौदा. अजून एक पाहिजे होता.

आम्ही कुठं कुठं नाही गेलो! सर आपल्या स्कूटरवर आणि मी मागं. सातपूरला एका शिफ्टवाल्या पोराच्या घरी, पंचवटीत लग्नामुळं शिक्षण सुटलेल्या एका सुनेच्या सासऱ्याकडं, गंगापूर रोडला एका निवृत्त पोस्टमास्तरकडं सुद्धा. कोणी लागलं नाही. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच बसलो होतो. सर दुपारभर कुठंतरी जाऊन आले होते.

"मॅडम, ऑफिसात एक गोष्ट विचारून आलो," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "म्हटलं, मी स्वेच्छानिवृत्ती घेतली तर माझी जागा तुम्हाला मिळेल का. नाही म्हणाले. नियमात बसत नाही."

ज्या माणसानं मला हुशार नाही म्हणून घेतलं, तो माझ्यासाठी स्वतःची नोकरी सोडायला निघाला होता! माझ्या तोंडून निघालं ते त्यांचंच वाक्य.

"सर, यात तुमचं हित काय?"

सर भडकले. "हाई काय शे? प्रत्येक गोष्टीत हित काय विचारता?" आणि छत्री उचलून निघून गेले. बाहेर पाऊसही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठचा तास. त्याच दिवशी प्राचार्य मोजायला येणार होते. सर पांढरा शर्ट घालून फळ्यापाशी उभे, मी पहिल्या बाकाच्या शेजारी. मागं वळून मोजायची माझी हिंमत नव्हती. वार गुरुवार, म्हणजे नकाशा आमचा. पण नकाशा आला नाही. आठ वाजून पाच मिनिटांनी दार ढकलून खुद्द देशमुख मॅडम आत आल्या, खांद्यावर अख्खं जग घेऊन!

"तुमचे पोपटराव कुठं उलथलेत?" असं म्हणत त्यांनी नकाशा खिळ्याला अडकवला. त्यांच्या मागोमाग प्राचार्य.

मुलं उभी राहिली. प्राचार्यांनी हातानंच बसा म्हटलं, डायरी उघडली, बोट वर केलं आणि पहिल्या बाकापासून सुरुवात केली. एक, दोन, तीन. मी डोळे मिटून घेतले. मंदा नऊ, जयराम दहा. अकरा, बारा. भूगोलाची दोन पोरं, तेरा आणि चौदा.

"पंधरा," प्राचार्य म्हणाले.

मी डोळे उघडले. शेवटच्या बाकावर पोपटराव बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पुढं कोरी करकरीत वही, वहीवर किल्ल्यांचा जुडगा.

प्राचार्यांच्या आधी लक्षातच आलं नाही. सवयीनं म्हणाले, "अरे पोपटराव, तिथं काय करताय? दोन चहा सांगा."

पोपटराव उभे राहिले. "सायेब, माझी ड्यूटी दहाला हाय. आत्ता तास चालूय."



"दहाला? आणि वर्गात बसायची परवानगी कोणी दिली तुम्हाला?"

पोपटरावांनी वरच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. बाकांमधून सावकाश चालत पुढं आले. टी.वाय.ला राहिलेला प्रवेश घेण्याची परवानगी आणि ड्यूटीच्या वेळेत बदल, दोन्हींसाठीचा अर्ज. त्यांनी तो प्राचार्यांपुढं धरला आणि खाली उजव्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

"हितं सायेब."

प्राचार्यांनी चष्मा लावला. सही त्यांचीच होती. ते थोडा वेळ त्या सहीकडं आणि थोडा वेळ त्या बोटाकडं बघत राहिले. मग गणिताच्या माणसाला शोभेल असं त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुन्हा पंधराच भरले. डायरीत पंधरा लिहिलं, त्याखाली रेघ ओढली आणि डायरी मिटली. देशमुख मॅडमनी चक्क टाळी वाजवली! मग सगळ्या वर्गानं वाजवली, बाकं वाजवली, मंदानं तर शिट्टी मारली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला ते पुसायचंही भान नव्हतं.

खैरनार सर मात्र खडू हातात धरून तसेच उभे. पोपटराव आपल्या बाकावर जाऊन बसले, तरी त्यांच्याकडंच बघत होते. आवाज थांबल्यावर त्यांनी विचारलं. आयुष्यभर सगळ्या जगाला विचारत आले, तेच.

"पोपटराव, यात तुमचं हित काय?"

पोपटरावांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले,

"सर, जीप भरली. सोडा आता."